न्यूयॉर्क दाखवायला निघालात? पिस्तूल घरी ठेवा

हॅरिसबर्गकर
आईबाबा जूनमध्ये परत येतायत आणि पुन्हा एकदा न्यूयॉर्कचं ठरतंय. माझा एक मित्र म्हणाला, "एवढ्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना नेतोयस तर जवळ ठेव की, लायसन्स आहे ना तुझ्याकडे." त्यावरून हा धागा काढतोय, कारण गेल्या वर्षी जे झालं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, नागरिक आहे, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरिफकडून पिस्तूल लपवून बाळगायचं लायसन्स काढलंय. वीस डॉलर फी, पाच वर्षं चालतं. हौस म्हणून नाही, रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन एकट्याला घरी यावं लागतं म्हणून. तर गेल्या वर्षी सकाळी सहाला निघालो आय-७८ हायवेने, ईस्टन गेलं, डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला, न्यू जर्सी लागलं, आणि मागे आईला मळमळायला लागलं म्हणून बाबांनी टिश्यू शोधायला ग्लोव्ह बॉक्स उघडला. आत माझं नाइन एमएम पिस्तूल, भरलेलं. आदल्या रात्री काढायचं राहून गेलं होतं. "हे काय रे?" एवढंच म्हणाले आणि हात दोन्ही मांडीखाली घेऊन बसले, झाकण तसंच गुडघ्यावर टेकलेलं. मी पहिल्या एक्झिटला वळलो, टोल भरून परत पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनला मित्राकडे (त्याच्याकडे पण लायसन्स आहे) ते ठेवलं आणि मग निघालो. दोन तास गेले. त्या आठदहा मैलांत मागे पोलिसांची गाडी लागली असती तर काय झालं असतं ते मी नंतर वाचलं, आणि न्यूयॉर्कचा कायदा वाचल्यावर तर त्या रात्री झोप नाही लागली.

न्यूयॉर्क दुसऱ्या कुठल्याच राज्याचं लायसन्स मानत नाही. बिनपरवाना भरलेलं पिस्तूल घराबाहेर सापडलं की थेट मोठा गुन्हा, कमीत कमी साडेतीन वर्षं, जास्तीत जास्त पंधरा. आणि कोणाच्या अंगावर नसून गाडीत सापडलं, तर कायदा असं धरून चालतो की ते गाडीतल्या सगळ्यांच्या ताब्यात होतं. सगळ्यांच्या! म्हणजे मागे बसलेल्या माझ्या आईच्या पण, जी व्हिजिटर व्हिसावर आलीये, आणि त्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने सहसा बंदूक बाळगताच येत नाही. तिने कधी टिकल्यांचं पिस्तूल सुद्धा हातात धरलं नसेल.

म्हणून माझं मत पक्कं आहे. न्यूयॉर्कला फिरायला जाताना सोबत पिस्तूल नेणं म्हणजे घरच्यांचं रक्षण नाही, घरच्यांनाच धोका.

पोकोनोकर
काळजी समजू शकतो, पण तू निष्कर्ष उलटा काढतोयस. तुझी चूक काय झाली? पूल ओलांडलास, बस्स. पुलाच्या अलीकडे तू शेरिफने तपासून घेतलेला सज्जन माणूस आणि पलीकडे साडेतीन वर्षांचा गुन्हेगार, हे तुला पटतं? ड्रायव्हिंग लायसन्स पन्नास राज्यांत चालतं. आणि इथे तर शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, गाडी चालवायचा तसा नाहीये.

२३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने सांगितलं की न्यूयॉर्कचा "खास कारण दाखवा तरच लायसन्स देऊ" हा नियम घटनेत बसत नाही. शंभरेक वर्षं चाललेला नियम होता. मग न्यूयॉर्कने काय केलं? आठवडाभरात नवा कायदा, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू, आणि त्यात सबवे, बस, बागा, थिएटर, दारूची ठिकाणं, आणि अख्खा टाइम्स स्क्वेअर "संवेदनशील". लायसन्स असलं तरी तिथे न्यायचं नाही. वरून १६ तासांचा वर्ग आणि २ तास गोळीबाराचा सराव. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला अर्ज करायची सोय शहराने २०२४ मध्ये केली, ती पण कोर्टात खेचल्यावर, आणि फीच ३४० डॉलर. चार दिवस फिरायला येणारा माणूस हे करणार आहे का?

माझं म्हणणं, लायसन्स सगळ्या राज्यांनी मानायलाच पाहिजे. तसं बिल २०१७ च्या डिसेंबरात खालच्या सभागृहात २३१-१९८ ने पास झालं होतं, सिनेटमध्ये अडकलं. चूक कायद्याची आहे आणि शिक्षा तू स्वतःला देतोयस.

जर्सीची_मावशी
मी वीस वर्षं जर्सी सिटीतून मॅनहॅटनला जातेय, पाथ ट्रेनने. हॅरिसबर्गकर, तुझ्याशी सहमत, पण मला कायद्यापेक्षा वेगळं बोलायचंय. तुम्ही लोक कुठल्या न्यूयॉर्कला घाबरताय? १९९० चं न्यूयॉर्क वेगळं होतं, वर्षाला २२०० च्या वर खून. २०२४ ला ३७७, जवळपास पंच्याऐंशी लाखाच्या वस्तीत. माणशी प्रमाण काढलंत तर डॅलस, फिलाडेल्फिया याच्या कितीतरी वर आहेत.

पाहुण्यांचं खरं काय होतं ते सांगते. मागच्या खिशातला फोन जातो. मिकी माऊसचे कपडे घातलेले लोक पोरांबरोबर फोटो काढतात आणि मग चौघं घेरून वीस वीस डॉलर मागतात. कोणीतरी हातात सीडी कोंबतो आणि पैसे मागतो. माझ्या नणंदेची पर्स खुर्चीला अडकवलेली होती, जेवून उठली तर पर्स नाही, पासपोर्ट त्यातच. यातल्या कुठल्या प्रसंगात पिस्तूल काढणार आहात?

सबवेत प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहू नका, भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून उभे राहा, ढकलल्याच्या घटना झालेल्या आहेत म्हणून सांगतेय. रात्री उशिरा रिकामा डबा आला तर चढू नका, कंडक्टर मधल्या डब्यात असतो, तिथे जा. आईबाबांच्या पासपोर्टची फोटोकॉपी बरोबर, मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. आणि दोघांच्या खिशात तुमचा नंबर कागदावर लिहून, फोनमध्ये नाही, कागदावर, कारण फोनच जातो.

केटीकर
मावशी, तुम्हाला वीस वर्षांत काही झालं नाही, चांगलंच आहे. मला झालंय. न्यूयॉर्कमध्ये नाही, दुसऱ्या मोठ्या शहरात, कॉन्फरन्सला एकटी गेले होते. रात्री साडेदहाला हॉटेलपासून दोन गल्ल्या लांब एक माणूस मागे लागला. मी रस्ता बदलला, त्याने बदलला. फोनवर ९११, पोलिसांचा नंबर, लावला होता, तिकडची बाई पत्ता विचारत होती आणि मला गल्लीचं नाव दिसत नव्हतं. एका दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, त्याच्या खालून आत घुसले. दुकानदार चांगला होता, पोलीस येईपर्यंत बसू दिलं. पोलीस आले पंचवीस मिनिटांनी.

मी टेक्सासला राहते, तिथे २०२१ पासून लायसन्सशिवाय पण बाळगता येतं, तरी मी रीतसर ट्रेनिंग घेऊन लायसन्स काढलं. त्या रात्री माझं पिस्तूल घरी होतं, कारण त्या राज्यात चालत नव्हतं. "घरी ठेवा" म्हणणाऱ्यांनी ती पंचवीस मिनिटं माझ्या जागी उभं राहून बघावीत. आकडे कमी आहेत याचा त्या गल्लीत काही उपयोग नसतो हो.

जर्सीची_मावशी
केटीकर, वाचून कसंतरी झालं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं. निदान मिरीचा स्प्रे तरी जवळ असू दे. न्यूयॉर्कमध्ये १८ वर्षांवरच्यांना चालतो, पण तिथल्याच परवानाधारक फार्मसीतून किंवा बंदुकीच्या दुकानातून स्वतः जाऊन घ्यावा लागतो, पार्सलने नाही येत. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. जर्सीत पाऊण औंसापेक्षा मोठा नको.

सव्वीस_अ
मी वकील नाही, पण फेडरल कायद्यातली वाट बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते म्हणून लिहितोय. १९८६ च्या कायद्याने राज्याराज्यांतून बंदूक घेऊन "जाता" येतं, पण अट अशी की निघता तिथे आणि पोचता तिथे दोन्हीकडे ती बाळगणं कायदेशीर पाहिजे, रिकामी पाहिजे, आणि हाताला लागेल अशी नको, म्हणजे डिकीत. वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्स हा त्यासाठी चालत नाही, कुलूप असलं तरी. न्यूयॉर्क हेच मुक्कामाचं ठिकाण असेल तर हे संरक्षण मिळतच नाही.

आणि वाटेत थांबलात तरी गोत्यात. २००५ ला यूटाचा एक माणूस विमानाने ॲलनटाउनला निघाला होता, पिस्तूल रीतसर सांगून चेक-इन केलेलं. न्यू जर्सीतल्या नूअर्कला पुढचं हुकलं, बॅग हातात आली, रात्र हॉटेलात काढली. सकाळी परत काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे, आणि अटक झाली. काही दिवस तुरुंगात. खटला नंतर मागे घेतला, पण त्याने उलट दावा केला तो २०१० ला अपील कोर्टात हरला, कारण रात्रभर हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती.

पोकोनोकर
बघा, हेच मी म्हणतोय! प्रामाणिकपणे सांगणाराच अडकतो. फिलाडेल्फियाची ती दोन मुलांची आई आठवा, २०१३ मध्ये अटलांटिक सिटीच्या रस्त्यावर पोलिसाने थांबवलं, तिने स्वतः सांगितलं की माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स आणि पिस्तूल आहे. चाळीसेक दिवस जेलमध्ये. गव्हर्नरने २०१५ ला माफी दिली तेव्हा प्रकरण संपलं. दोनदा लुटली गेली होती म्हणून तिने पिस्तूल घेतलेलं.

आणि गर्दीत पिस्तुलाचा उपयोग काय म्हणणाऱ्यांना, जुलै २०२२, इंडियानातला ग्रीनवुडचा मॉल. हल्लेखोराने तीन जणांना मारलं, आणि बावीस वर्षांच्या एका पोराने आपल्या पिस्तुलाने त्याला तिथेच आडवा केला. मॉलचा नियम होता बंदूक आणायची नाही म्हणून. त्याने नियम पाळला असता तर?

हॅरिसबर्गकर
ग्रीनवुड मला माहितीये, त्या पोराबद्दल आदरच आहे. पण त्याच्या वर्षभर आधी, जून २०२१, कोलोरॅडोत अरवाडा. तिथेही एका माणसाने आपल्या पिस्तुलाने हल्लेखोराला मारलं, मग त्याची रायफल हातात घेतली आणि नंतर आलेल्या पोलिसाने यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. गेला. आणि लास वेगास २०१७, बत्तिसाव्या मजल्यावरून गर्दीवर गोळीबार, हजाराच्या वर गोळ्या, साठ माणसं गेली. खाली मैदानात कंबरेला पिस्तूल असून काय करणार होते?

मी स्वतः पिस्तूल बाळगतो, मला त्याचा तिटकारा नाहीये. पण माझ्या दुकानाच्या पार्किंगमधे मला कोपरा न् कोपरा माहितीये. टाइम्स स्क्वेअरमध्ये चाळिसाव्या रस्त्यापासून त्रेपन्नाव्यापर्यंत खांद्याला खांदा लावून माणसं, बाबांना ऐकू कमी येतं, आई हात सोडत नाही, तिथे मी गोळी झाडली तर ती कोणाला लागेल? मला नाही सांगता येणार. केटीकर, तुमच्या रात्रीला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच नाही. कायदा बदलावा यात मी पोकोनोकरच्या बाजूचा आहे. पण तो बदलेपर्यंत त्याची परीक्षा मी आईबाबांना गाडीत बसवून बघणार नाही.

नवीन_आय९४
एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांनी हे नीट वाचा. मित्राच्या गाडीने जाताय आणि गाडीत त्याचं आहे, तर प्रश्न मित्राचा एकट्याचा नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडून. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात की ग्रीन कार्डवाल्याला पण देशाबाहेर काढू शकतात. मी तर आता कोणाच्या गाडीत लांब जायचं असलं की सरळ विचारतो, वाईट वाटलं तर वाटो.

पन्हाळ्याचा
इकडचं सांगतो. आमच्या आजोबांची बारा बोअरची बंदूक होती, शेतावर रानडुकरांसाठी. परवान्यावर हद्द लिहिलेली असायची, कुठपर्यंत नेता येते ते, त्याच्या बाहेर नाही म्हणजे नाही. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, पावती घ्यायची. आजोबा कधी कुरकुरले नाहीत. हद्द हा प्रकार आपल्याला नवा नाहीये, तिकडे गेल्यावर विसरतो एवढंच.

पोकोनोकर
हद्द कळते हो, पण इथे तो हक्क आहे असं कोर्टच म्हणतंय, सरकारची मेहेरबानी नाही. तिथे माझं मत तेच राहणार. गाडीतल्या सगळ्यांवर येतं हे मात्र मला माहीत नव्हतं, ते वाचून दचकलो. माझी सासू येतेय ऑगस्टमध्ये. त्या ट्रिपला नेणार नाही. लिबर्टीच्या पुतळ्याच्या बोटीला तसंही विमानतळासारखी तपासणी आहे.

सव्वीस_अ
हॅरिसबर्गकर, एक राहिलं. नुसत्या गोळ्या पण नकोत. न्यूयॉर्क शहरात परवान्याशिवाय पिस्तुलाची काडतुसं जवळ असणं हाच वेगळा गुन्हा आहे. नेमबाजीच्या रेंजला नेतोस ती बॅग ट्रिपला नेत असशील तर कप्पे उलटे करून झटक.

हॅरिसबर्गकर
आत्ता जाऊन बघितलं. निळी सॅक, जिच्यात गेल्या वेळी आईच्या औषधाच्या गोळ्या आणि थर्मास होता तीच. बाजूच्या चेनच्या कप्प्यात अस्तर फाटलंय, त्याच्या आत दोन काडतुसं. म्हणजे गेल्या वर्षी पिस्तूल ॲलनटाउनला ठेवून आम्ही बिनधास्त निघालो, आणि ही दोन बाबांच्या पाठीवर चार दिवस न्यूयॉर्कभर फिरली. सॅक टाकून देतोय, नवीन घेतो.