जुन्या १०० सीसी गाडीचा पेट्रोलचा काटा आणि ॲव्हरेज : कशावर भरवसा ठेवायचा?

पिग्मीवाला_कराड:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ सालची १०० सीसी, कार्ब्युरेटरची गाडी आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचा हाच प्रश्न असावा. मी पिग्मी गोळा करतो. कराड गाव, मलकापूर, ओगलेवाडी, कधी मसूरपर्यंत. एका दुकानापुढं थांबायचं, चालू करायची, दहा दुकानं सोडून परत थांबायचं, असा दिवस जातो.

टाकी फुल केली की काटा बरेच दिवस जागचा हलत नाही. मग अर्ध्यावर आला की भराभरा खाली. साइड स्टँडवर एक दाखवतो, मेन स्टँडवर दुसरंच. परवा काटा चांगली पाव टाकी दाखवत असताना कोल्हापूर नाक्यावर गाडी आचके देऊन बंद पडली. रिझर्व्हला टाकली तेव्हा चालू झाली.

ॲव्हरेजचंही तसंच. दोनशेचं पेट्रोल टाकायचं आणि किती चालली ते बघायचं, असा हिशेब आहे. कधी ६२ येतं, कधी ४४. कोण म्हणतं पंपावर माप मारतात, कोण म्हणतं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलनं वाट लावली, आणि एका मेकॅनिकनं तर थेट इंजिनकामच सांगितलंय. कमिशनवर घर चालतं, त्यामुळं इंजिन उघडायच्या आधी मला खरा आकडा हवा आहे. काटा दुरुस्त होतो का? आणि ॲव्हरेज नक्की काढायचं कसं?

गॅरेजवाला_मिरज:

दादा, इंजिन अजिबात उघडू नका. आधी टाकीचा आकार समजून घ्या. टाकी चेसीसच्या पाइपवर खोगिरासारखी बसते. वर पसरट, खाली मधे पोकळ, आणि दोन्ही बाजूंना दोन अरुंद कप्पे. आत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्री बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते, रोध बदलतो आणि मीटरचा काटा हलतो. म्हणजे काटा लिटर मोजतच नाही. तो पेट्रोलची उंची मोजतो, तीही टाकीतल्या एकाच जागची. टाकी भरलेली असताना फ्लोट वर अडकलेला असतो, तोवर काटा फुलवरच राहणार. वरच्या पसरट भागातलं लिटरभर संपलं तरी उंची थोडीच कमी होते. खालच्या कप्प्यांत तेच लिटर काट्याला झपकन खाली आणतं. साइड स्टँडवर पेट्रोल डावीकडं जातं, म्हणून आकडा बदलतो. यातलं काहीच बिघाड नाही. काटा बघायचा तर गाडी सरळ उभी करून बघा.

बिघाड कोणता, तर काटा मधेच एका ठिकाणी पडतो आणि पुढं परत वर येतो. तिथं वेटोळं झिजलेलं किंवा काळं पडलेलं असतं. किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरतं, मग तो तरंगत नाही आणि काटा कायम कमी दाखवतो. हे फ्लोट-दांडीचं युनिट काढलं की फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल असेल तर आवाज येतो. वेटोळ्याला पॉलिश पेपर लावू नका, तार तुटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ कापडानं पुसा. बऱ्याच गाड्यांत हे युनिट टाकीच्या तळाशी असतं, त्यामुळं आधी टाकी पूर्ण रिकामी करा. काम उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून.

पण तुमच्या बाबतीत मला काट्यापेक्षा कॉकचा, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचा, संशय आहे. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नसते. कॉकच्या तोंडाशी आत दोन वाटा असतात. ऑनची उंच नळीतून, रिझर्व्हची तळातून. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी आचके देते. कंपनीचा सोडून बाहेरचा कॉक बसवला असेल तर त्याची नळी मूळच्या मापाची असेलच असं नाही. नळी लांब असेल तर रिझर्व्ह लवकर लागतं. कॉक कधी बदललाय का?

आता एकदा असं करा. गाडी ऑनवर आचके देऊ लागली की रिझर्व्हला टाकून सरळ पंपावर जा आणि मेन स्टँडवर फुल करा. किती लिटर बसलं ते पुस्तिकेतल्या टाकीच्या मापातून वजा केलं की तुमचं खरं रिझर्व्ह कळेल.

भौतिकशास्त्र_सोलापूर:

मी बारावीला शिकवते आणि रोज गाडीनंच जाते, म्हणून थोडं आकड्यांत सांगते.

दोनशेच्या पेट्रोलवर ॲव्हरेज निघत नाही, कारण सुरुवातीला टाकीत किती होतं हेच आपल्याला माहीत नसतं. दोन लिटरच्या हिशेबात पाव लिटरचा घोळ झाला की साडेबारा टक्के चूक. सहा लिटरच्या हिशेबात तोच पाव लिटर चार टक्क्यांवर येतो. म्हणून फुल ते फुल मोजायचं. तोच पंप, मेन स्टँड, टाकीच्या आतल्या त्याच खुणेपर्यंत. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं.

दुसरं, तुमचं किलोमीटरचं मीटर तरी बरोबर आहे का? या गाड्यांत मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. पुढचा टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्यात चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. हायवेवर वीसेक किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा.

इथेनॉलबद्दल. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. म्हणजे फरक पडतो हे खरं, पण ६२ चे ४४ होणं म्हणजे २९ टक्के. ते एकट्या इथेनॉलचं काम नव्हे.

आरएक्स_नागपूर:

माझ्या आरएक्स १०० ला काटाच नाही, त्यामुळं सगळा कारभार मीटरवर. फुल केलं की रीडिंग टाकीखाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहितो. पंपाचा संशय असेल तर तिथंच पाच लिटरचं माप मागा भाऊ. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त आला तर तक्रार करा. विचारायला लाजायचं नाही.

पिग्मीवाला_कराड:

सगळ्यांचे आभार. सगळं करून मगच लिहितोय.

मिरजकर, तुमचा अंदाज अचूक निघाला. कॉक गळत होता म्हणून दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकनं बाहेरचा बसवला होता. आचके दिल्यावर फुल केली तर बरोबर ८ लिटर बसलं. टाकी साडेदहाची. म्हणजे अडीच लिटर आत होतं, आणि काटा पाव टाकी दाखवत होता तो खरंच सांगत होता! पुस्तिकेत रिझर्व्ह १.४ लिटर आहे, माझं अडीच.

पंपावर माप मागितलं, त्यांनी लगेच काढून दिलं, माप चोख होतं. उंब्रजपर्यंत जीपीएस लावून गेलो तर मीटर चार टक्के जास्त दाखवतं. मग फुल ते फुल : मीटरवर ३१२ किलोमीटर, पेट्रोल ६.१ लिटर. ५१ आलं, चार टक्के वजा करून ४९. आणि मेन स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवलं तर एका फेरीतच थांबत होतं. ब्रेक घासत होता. सैल केला, ड्रम साफ करून घेतला, हवा पुस्तिकेप्रमाणे भरली. पुढच्या टाकीला, मीटरची चूक वजा करून, ५४ आलं. माझ्या थांबत-थांबत जाण्याला हे पटण्यासारखं आहे.

आता एवढंच सांगा, कॉकची लांब नळी कापून घेऊ का?

गॅरेजवाला_मिरज:

कापू नका. अडीच लिटर हाताशी राहतं, तोटा काहीच नाही, फक्त आकडा लक्षात ठेवा. मात्र ते पेट्रोल महिनोन् महिने तळात पडू देऊ नका. पाणी आणि गंज तिथंच साठतो, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं पावसाळ्यात जास्तच. अधूनमधून रिझर्व्हवर थोडी चालवत जा, आणि कॉकखालची गाळणीची वाटी काढून धुवा. वाटीत तांबडा गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवायला आणा.