मदत हवी आहे: दीड फुटी वाफ्यात कुंपणाला कोणती झाडं लावू?

म्हापशात घर आहे. तारेच्या कुंपणालगतचा वाफा जेमतेम दीड फूट रुंद, चाळीस फूट लांब. खाली जांभा दगड, फूटभर खणलं की पहार अडते. दुपारनंतर कडक ऊन, पावसाळ्यात पाणी साचतं.

जास्वंद लावली होती, ती वाटेवर पसरली आणि वर पिठ्या ढेकूण. मेंदी पहिल्याच पावसात मुळाशी कुजली, फार वाईट वाटलं. कण्हेर विषारी म्हणून नकोच, शेजारची गुरं तारेतून तोंड घालतात. दुरांताची फळं विषारी आणि घरात लहान मूल.

पाच फूट उंची पुरे. छाटणी महिन्यातून एकदाच जमेल, उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड. एक्झोरा, म्हणजे आपली पिटकोळी, की कुंती? इतक्या अरुंद जागेत खालपासून दाट काय राहील, आणि दोन रोपांत अंतर किती ठेवू?