ऑक्युलर पॅथॉलॉजी आणि स्टेम सेल संशोधन: प्रत्यक्षात काम काय असतं?

नवी_स्लाइड
एमडी पॅथॉलॉजीचं शेवटचं वर्ष सुरू आहे. पुढे ऑक्युलर पॅथॉलॉजीत फेलोशिप करून कॉर्नियाच्या स्टेम सेल उपचारांकडे वळायचा विचार आहे. पण कल्चर लॅब तर बायोटेकवाले सांभाळतात, मग तिथे पॅथॉलॉजिस्टचं काय काम? आधी हिस्टो (ऊतींचे छेद वाचणं) पक्कं करावं की कल्चर शिकावं? आणि ‘स्लेट’ (लॅबशिवाय बायोप्सीचे तुकडे थेट डोळ्यावर लावायची पद्धत) आल्यापासून कल्चरची गरजच उरली नाही असंही ऐकलं, ते कितपत खरं?

पीएएस_जांभळा
आधी हिस्टो, यात दुमत नसावं. पेशी वाढवणं वर्षभरात हातात बसतं. वाढलेल्या पेशी नक्की कोणत्या, हे सांगणारा माणूस मिळत नाही.

लिंबल स्टेम सेल डेफिशियन्सीचं, म्हणजे कॉर्नियाच्या कडेच्या पट्ट्यातल्या (लिंबस) स्टेम सेल संपण्याचं, निदानच घ्या. भुलीचे थेंब टाकायचे, पृष्ठभाग हलकेच टिपून घ्यायचा, सेल्युलोज ॲसिटेटचा तुकडा काही सेकंद दाबून उचलायचा, मग पीएएस-हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचं. डोळा ओला राहिला तर कागदावर पेशी येतच नाहीत आणि रिपोर्ट ‘अपुरा नमुना’ म्हणून जातो. कॉर्नियावर गॉब्लेट पेशी (श्लेष्मा बनवणाऱ्या) दिसल्या की कंजंक्टायव्हा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण) आत सरकला हे ठरलं. उलटं मात्र खरं नाही. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये (त्वचा आणि डोळ्यांवर उठणारी तीव्र प्रतिक्रिया) कंजंक्टायव्हातल्याच गॉब्लेट पेशी संपलेल्या असतात, त्यामुळे त्या दिसल्या नाहीत म्हणून ‘लिंबस ठीक’ असं लिहू नका. तिथे के१२ (कॉर्नियाचं केराटिन) विरुद्ध के१३ (कंजंक्टायव्हाचं) बघा.

रोजच्या कामालाही कमी लेखू नका. रेटिनोब्लास्टोमाचा (लहान मुलांतला डोळ्याचा कर्करोग) डोळा आला तर गोळा उघडण्याआधी ऑप्टिक नर्व्हच्या कापलेल्या टोकाची चकती वेगळ्या कॅसेटमध्ये गेली पाहिजे. आधी गोळा कापला तर ठिसूळ ट्यूमरचे कण सुरीबरोबर त्या टोकावर येतात, मार्जिन पॉझिटिव्ह दिसतं आणि मुलाला नको ती केमो लागते. ही शिस्त अंगात मुरलेला माणूस कल्चर लॅबमध्येही नमुन्यांची अदलाबदल होऊ देत नाही.

एक्सप्लांट
वरच्याशी सहमत, पण कल्चर ‘वर्षभरात बसतं’ हे जरा सोपं करून सांगितलंय.

निरोगी डोळ्याच्या लिंबसची साधारण २×२ मिमी बायोप्सी. ॲम्नियॉनचं (गर्भाभोवतीचं पटल) एपिथेलियम (वरचा पेशीथर) ट्रिप्सिनने सैल करून खरवडून काढायचं, बेसमेंट मेम्ब्रेन वर राहील असं ते पसरायचं. इथेच नवखे चुकतात, पटल उलटं पडतं. बायोप्सीचे बारीक तुकडे त्यावर ठेवायचे आणि सुरुवातीला मीडियम जेमतेम ओल राहील इतकंच. जास्त ओतलं की तुकडे तरंगतात आणि चिकटतच नाहीत. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, एक दिवसाआड मीडियम बदल. सगळं जमलं तर दोनेक आठवड्यांत सलग थर तयार. बायोप्सीत स्ट्रोमा (एपिथेलियमखालची आधार-ऊती) जास्त आला तर त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी पुढे पळतात. फेज कॉन्ट्रास्टखाली लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींच्या रांगा दिसू लागल्या की समजायचं.

पॅथॉलॉजिस्टची खरी गरज थर रुग्णासाठी सोडण्याआधीच्या तपासणीत असते. पी६३ (स्टेम सेलची खूण मानलं जाणारं प्रथिन) साठी ४ए४ अँटिबॉडी वापरतात, पण ती त्याचे सगळे आयसोफॉर्म (रूपं) रंगवते. नुसतं ‘इतके टक्के पॉझिटिव्ह’ म्हणण्यात अर्थ नाही, गडद रंगलेल्या पेशी वेगळ्या मोजाव्या लागतात. २०१० मध्ये इटलीतल्या गटाने ११२ रुग्णांचे निकाल दिले. कल्चरमध्ये अशा गडद पेशी ३ टक्क्यांहून जास्त होत्या तिथे ७८ टक्के यश, ३ किंवा कमी होत्या तिथे ११.

लिंबस_बारा
स्लेटबद्दल. हैदराबादमधून २०१२ मध्ये आलेली पद्धत. तेवढीच बायोप्सी, तिचे आठ-दहा तुकडे, कॉर्नियावर ॲम्नियॉन आणि फायब्रिन ग्लूने थेट चिकटवायचे. दृष्टिअक्षावर तुकडा ठेवत नाहीत. पेशी डोळ्यातच वाढतात, लॅब लागत नाही. त्यामुळे एकच डोळा गेलेल्यांसाठी कल्चरची निकड खरंच कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण दोन्ही डोळ्यांचा लिंबस जळालेला असेल तर स्वतःचा तुकडा आणणार कुठून?

नवी_स्लाइड
अशा वेळी तोंडातली म्युकोसा वापरतात ना? मग त्या थराची ओळख के३ (आणखी एक केराटिन) वर करता येईल?

पीएएस_जांभळा
वापरतात. पण के३ वर विसंबू नका, तोंडाच्या एपिथेलियममध्येही तो येतो. के१२ आणि पॅक्स६ (डोळ्याच्या पेशींतलं एक प्रथिन) तिथे नसतात, कॉर्नियात असतात. म्हणून पॅनेल लावताना के३ सोबत के१२ हवाच, आणि कंट्रोल म्हणून कॉर्निया, कंजंक्टायव्हा, तोंडाची म्युकोसा असे तिन्ही छेद एकाच स्लाइडवर घ्या. रंग आला नाही तर अँटिबॉडी बिघडली की पेशीच वेगळ्या आहेत, ते लगेच कळतं.

एक्सप्लांट
आणखी एक. फेलोशिप निवडताना तिथे काढलेले कॉर्निया बटन (प्रत्यारोपणात कापून काढलेली कॉर्नियाची चकती) हिस्टोला येतात का, ते विचारा. स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर पुढे केराटोप्लास्टी (कॉर्निया प्रत्यारोपण) झालेल्या रुग्णाचं बटन म्हणजे पॅनस (कॉर्नियावर सरकणारी रक्तवाहिन्यांची ऊती) परत आला का, गॉब्लेट पेशी शिरल्या का, हे छेदात बघायची दुर्मीळ संधी. ज्या केंद्रात ती बटनं बादलीत जातात, तिथे जाऊ नका.