यिडिशमध्येच राहून ते अमेरिकेत रुळले कसे?

कुतूहल : १८८१ नंतर रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू स्थलांतरितांविषयी सध्या वाचत आहे. त्यांच्यापैकी पुष्कळजण मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात राहिले आणि कपडे शिवण्याच्या धंद्यात शिरले. मात्र दिवसभर आपल्याच माणसांत, यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची मायबोली बोलत शिवणकाम करणारा माणूस अमेरिकेच्या जवळ आला, की त्या कामामुळे दूरच राहिला?

उसवण : इंग्रजीचे एक अक्षर येत नसताना हाताला काम मिळणे, ही त्या धंद्याची जमेची बाजू होती. कंत्राटदार बेतलेले कापड आणी आणि आपल्याच बिऱ्हाडात, खिडकीपाशी शिवणयंत्र व चुलीवर तापणाऱ्या इस्त्र्या अशा कोंदट जागेत, बहुधा गाववाल्यांकडूनच नगावर कपडे शिवून घेई. पिळवणूक होतीच, आणि हंगाम संपला की कामही संपे. तरीही माझ्या मते ते अमेरिकेच्या जवळ आले ते कामापेक्षा कामावरून झालेल्या भांडणांमुळे. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कमधील कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात पुढाऱ्यांची सावध भाषणे लांबत चालली, तेव्हा क्लारा लेम्लिक या तरुण कामगार स्त्रीने व्यासपीठ गाठून सार्वत्रिक संपाची हाक दिली, आणि तीही यिडिशमध्ये. वीस हजारांहून अधिक कामगार संपावर गेले, त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. युनियन, वाटाघाटी, पोलीस, न्यायालय यांच्याशी त्यांची गाठ पडली ती अशी.

जुने_कात्रण : वर्तमानपत्राचा वाटाही मोठा आहे. १८९७ मध्ये निघालेल्या ‘फॉरवर्ट्स’ या यिडिश दैनिकाचे संपादक अब्राहम काहान यांना १९०३ मध्ये एका बापाने तक्रार लिहिली की, मोठ्या माणसांनी चेंडूमागे धावण्याचा बेसबॉल हा खुळचट खेळ मुलांना कशाला शिकवायचा? काहान यांनी उत्तर दिले की, अभ्यास बुडत नसेल तर मुलांना खेळू द्या, जन्मभूमीतच त्यांना परके करू नका. पुढे १९०९ मध्ये याच पत्राने मैदानाची आकृती छापून बेसबॉलचे नियम यिडिशमध्ये समजावून सांगितले. १९०६ पासूनचे ‘बिंटेल ब्रीफ’, म्हणजे ‘पत्रांचा गठ्ठा’, हे सदर तर घरगुती पेचांवर सल्ला देई. अमेरिकेची ओळख त्यांना मायबोलीतूनच होत होती. त्यामुळे ‘यिडिश की अमेरिका’ अशी निवड त्यांच्यापुढे होती, असे मला वाटत नाही.

शनिवार : दोन्ही उत्तरे पटली, परंतु त्यांत या रुळण्याची किंमत आलेली नाही. न्यूयॉर्कमधील ट्रँगल या कपडे शिवण्याच्या कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ जण दगावले. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. तो दिवस शनिवार होता, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा, शब्बाथचा. त्या दिवशीही शेकडो ज्यू मुली यंत्रांपाशी बसलेल्या होत्या, कारण रविवारची सुट्टी पाळणाऱ्या शहरात शनिवार सोडणे त्यांना परवडणारे नव्हते.

दुसरे असे की, मृतांत इटालियन मुलीही बऱ्याच होत्या आणि यिडिशमधल्या सभा त्यांना कळत नसत. ज्या भाषेने एकीला युनियन जवळची वाटली, तिनेच शेजारच्या यंत्रावरची दुसरी बाहेर राहिली. इटालियन शिवणकामगार स्त्रियांची लोकल ८९ ही युनियनची स्वतंत्र शाखा निघाली ती १९१९ मध्ये.