संगीतपट छोट्यांनी करू नयेत म्हणे!

काळीचार: कालच्या पोस्टीत एका विद्वानांनी लिहिलंय, 'संगीतपट हे पैसेवाल्यांचं काम. वर्गणी काढून सिनेमा करणाऱ्यांनी आपले घरगुती विषय करावेत.' अहो, महाग पडते ती गाण्याभोवतीची आरास. खोलीत बसून गाणाऱ्याला लागतात दोन कॅमेरे, एक बूम (काठीवरचा माइक), कुर्त्याच्या आत एक लेपल (चिमटीचा छोटा माइक) आणि शांतता. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे, गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यापुढेच गायले. तो कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा सिनेमा.

लूपमास्तर: प्रभातकडे स्वतःचा स्टुडिओ, पगारी वादक. तुमच्याकडे भाड्याची खोली आणि वर पंखा! लाइव्हमध्ये पहिल्या आणि चौथ्या टेकची लय जुळत नाही, त्यात तबला गायकाच्या माइकमध्ये घुसतो. कट कुठे मारणार? प्लेबॅक लावा, ओठ हलवा, मोकळे व्हा.

काळीचार: तबलजी शेजारच्या खोलीत, ठेका आणि तानपुरा गायकाच्या इअरपीसमध्ये. दोन्ही कॅमेरे एकाच टेकवर, म्हणजे लयीचा प्रश्नच मिटला. कट सांधायला रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर वेगळा घ्या. पंखा, फ्रीज बंद. गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, निघताना तो चालू करायची आठवण राहते. प्लेबॅकमध्ये तान धावते आणि गळ्याची शीरही हलत नाही, ते बघवत नाही.

टाइमकोड: ओठ चुकले की नटाला शिव्या, हे नेहमीचंच. कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर आणि एडिटची टाइमलाइन 23.976 ची असेल, तर चित्र 0.1 टक्का मंदावतं. पाच मिनिटांच्या सलग शॉटच्या शेवटी 0.3 सेकंद, म्हणजे सात फ्रेम मागे! आणि 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचं (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) रेकॉर्डिंग न बदलता 48 किलोहर्ट्झने वाजलं, तर पेटीच्या काळी एक पट्टीतला गवई वर चढून पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये लटकतो. शूटिंगच्या आधीच सगळ्यांनी एक आकडा ठरवा ना.

लूपमास्तर: सलग पाच मिनिटांचा शॉट ठेवतो कोण?

टाइमकोड: ख्याल दाखवणारा ठेवतो. 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा बघा. मैफलीत लांब शॉट, आणि मुख्य भूमिकेत आदित्य मोडक, जे मुळात गायकच. 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. क्रेन आठवते का कुणाला त्यातली?

तिसरीघंटा: तुम्ही बसा सात फ्रेम मोजत! शो मिळणार मंगळवारी सकाळी साडेनऊचा. त्या वेळी संगीतपट बघायला येणार कोण, दूधवाला?

लूपमास्तर: हा रडका मुद्दा प्रत्येक धाग्यावर यायलाच हवा का? बरं बाबा काळीचार, बैठकीचं गाणं लाइव्ह होतं, मान्य. आता लावणी करून दाखवा. घुंगरू, ढोलकी, आवाज, सगळं एका दमात. हार घेऊन येतो.

काळीचार: पाय फ्रेममध्ये नाहीत त्या शॉटला घुंगरू काढून ठेवायचे, पावलं नंतर फोलीत (चित्र बघून वेगळे आवाज रेकॉर्ड करतात तेव्हा) भरायची. पूर्ण नाच दिसतो तिथे प्लेबॅक. हो, तिथे तुमचंच खरं. हार झेंडूचा चालेल.