हॉटेलातल्या 'गेस्ट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

फॉल्टी टॉवर्सवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलोय. बीबीसीची मालिका, १९७५ आणि १९७९ असे दोन सीझन, मिळून १२च भाग, टॉर्की नावाच्या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावातलं हॉटेल, मालक बेसिल आणि त्याची बायको सिबिल. दर भागात कोणीतरी नवीन माणूस मुक्कामाला येतो आणि बेसिलचं डोकं फिरतं. या लोकांना 'पाहुणे' म्हणू का? 'पाहुणी पात्रं' लिहिलं तर पाहुणे कलाकार वाटतात. सुचवा प्लीज.

—

पाहुणे नको. पाहुण्याकडून कोणी पैसे घेतं का, आणि पाहुणा आपल्या तोंडावर घराला नावं ठेवतो का? मिसेस रिचर्ड्स आठवा, कानाचं मशीन असून बॅटरी संपेल म्हणून बंद ठेवणारी बाई, खोलीत गेल्यागेल्या खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून भांडायला लागते, बेसिल म्हणतो टॉर्कीच्या हॉटेलातून काय दिसायला हवं होतं, सिडनीचं ऑपेरा हाऊस? तरी ही बाई म्हणते राहीन पण भाडं कमी करा. ही बाई गिऱ्हाईक आहे, शंभर टक्के.

—

गिऱ्हाईक दुकानात येतं हो. मुक्कामाला येणारा तो उतारू. 'कुठे उतरलात?' असं आपण अजूनही विचारतोच की. शब्द आपल्याकडे आहे, फक्त वापरत नाही.

—

उतारू म्हटलं की मला एसटीच दिसते, सॉरी. कोकणात हॉटेलवाले सरळ 'पार्टी आली' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

आणि मेजरचं काय करणार? तो, मिस टिब्स आणि मिस गॅट्स्बी कायमचे तिथेच राहतात, पैसे भरतात, पण मालिकेत नेहमीचीच पात्रं आहेत. उलट मिसेस रिचर्ड्स झालेली जोन सँडरसन हॉटेलातही चार दिवसांची आणि मालिकेतही एका भागाची. म्हणजे तिला दोन्ही अर्थांनी पाहुणी म्हणता येतं आणि मेजरला एकाही अर्थाने नाही.

—

मेजरला बिऱ्हाडकरू?

—

बिऱ्हाड म्हटलं की चूल-भांडी आली, मेजर जेवायला डायनिंग रूममधे बसतो. 'कायमचे मुक्कामी' म्हणा, सुटला प्रश्न.

पण मला वाटतं तुम्ही सगळे एकच शब्द शोधताय तिथेच गडबड आहे, कारण या मालिकेची सगळी गंमत बेसिल कोणाला काय समजतो यावरच उभी आहे. पहिल्या भागात लॉर्ड मेलबरी येतो, लॉर्ड आहे एवढं कळल्यावर बेसिल आधीच जेवायला बसलेल्या कुटुंबाला खिडकीजवळच्या टेबलावरून उठवतो आणि ती जागा याला देतो. हा झाला पाहुणा, अगदी अतिथी देवो भव. उठवलेलं कुटुंब पैसे देणारंच, पण ते त्याच्या लेखी नुसतं गिऱ्हाईक. आणि मेलबरी शेवटी भामटा निघतो, तिजोरीत ठेवायला दिलेल्या त्याच्या पेटीत विटा असतात.

हचिन्सनचा भाग तर याच्याही पुढे जातो. बर्नार्ड क्रिबिन्सने केलेला हा माणूस लांबलचक पुस्तकी वाक्यं बोलत सारख्या मागण्या करतो, बेसिल वैतागून त्याला उडवून लावतो, मग कळतं की गावात हॉटेल इन्स्पेक्टर आलेत आणि हाच तो असणार म्हणून बेसिल त्याच्यापुढे एकदम लोटांगण घालायला लागतो. नंतर समजतं की साहेब चमचे विकतात! झालं, पुन्हा गिऱ्हाईकसुद्धा नाही, नुसती ब्याद. माणूस तोच, एका भागात तीनदा त्याचा दर्जा बदलला.

म्हणून लेखात निवेदन तुमचं असेल तिथे 'मुक्कामाला आलेले' किंवा उतारू लिहा, नटनट्यांबद्दल लिहाल तिथे पाहुणे कलाकार, आणि बेसिलच्या नजरेतून सांगताना माणसागणिक शब्द बदला, पाहुणा, गिऱ्हाईक, ब्याद.

—

हे पटलं. मग वॉल्डॉर्फ सॅलड मागणारा अमेरिकन हॅमिल्टन गिऱ्हाईकच, कारण स्वयंपाकी थांबावा म्हणून तो वर २० पौंड मोजतो आणि दिलेल्या पैशांचं जेवण मागतो, यात त्याचं काही चुकलेलं नाही. 'उतारू' पहिल्यांदा येईल तिथे 'हॉटेलात उतरलेले लोक' असं लिहितो म्हणजे एसटी डोळ्यासमोर येणार नाही.