चिऱ्याच्या भिंतीपुढे ब्लूटूथचं काही चालत नाही

हॉलमधला टीव्ही आणि मागची पडवी, दोन्हीला मिळून एकच ब्लूटूथ स्पीकर पुरेल का, असं एकानं विचारलंय. घर जुनं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं असेल तर नाही पुरणार. आमचं गोव्यातलं, फोंड्याकडचं घर तसंच, भिंत दीड हात जाड. फोन राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात ठेवून स्पीकर स्वयंपाकघरात नेला की अभंगातला 'विठ्ठल' अर्धाच ऐकू येतो. खोक्यावरचे १० मीटर मोकळ्या जागेतले असतात. त्यात ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात, म्हणून पावसात भिंत ओली झाली की आणखी बोंब.

टीव्हीला सरळ वायर लावा, एचडीएमआयची 'एआरसी' लिहिलेली खाच (तिच्यातून टीव्हीचा आवाज स्पीकरकडे जातो) असेल तर उत्तमच. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो; नटाचे ओठ मिटल्यावर वाक्य येतं. पडवीसाठी वेगळा वायफाय स्पीकर घ्या, पण राउटर घराच्या मध्यावर हवा.

आणि एक, जे दुकानदार सांगत नाही. स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, कडेची रिंग फोमची आहे की रबराची, ते जाळी काढून बघा. माझ्या जुन्या स्पीकरच्या जोडीची फोमची होती. एका चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झाल्यावर आरतीसाठी लावली, तर आवाज फाटका. बोट लावलं तर रिंगचा चिकट भुगा हातात आला! आपल्या दमट हवेत फोम टिकत नाही. म्हापशाच्या एका कारागिरानं रबरी रिंग बसवून दिली, अजून वाजतेय.